दात शुभ्र हवेत, की शाबूत?

लग्न ठरले की घरात कामांची यादी तयार होते. शालू, दागिने, पत्रिका, कार्यालय, केळवणे. अलीकडे या यादीत आणखी एक काम गुपचूप येऊन बसले आहे. ते म्हणजे दात पांढरे करून घेणे. साखरपुड्याचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले, की नवऱ्या मुलीची नजर दागिन्यांवर जात नाही, ती स्वतःच्या हसण्यावर जाते. आणि मग सुरू होते घरगुती उपायांची रांग.

बंगळुरूमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील बँकेतले. त्यांच्या नोकरीची पहिली काही वर्षे चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या बागेपल्लीला गेली आणि मुलीचे बालपणही तिथेच गेले. आता सारे जण शहराच्या टोकाला एका नव्या वसाहतीत राहतात. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, पण पुढच्या दातांवर पिवळट तपकिरी आडवे पट्टे. त्यामुळे लहानपणापासून हसताना हात तोंडावर. शाळेत कुणी विचारले होते, ‘‘तू दात घासत नाहीस का गं?’’ तो प्रश्न ती विसरलेली नाही.

लग्न महिन्यावर आले तेव्हा मैत्रिणीने कोळशाची पावडर सुचवली. वहिनीने लिंबू आणि खायचा सोडा सांगितला. निपाणीहून आलेली आत्या म्हणाली, ‘‘अगं पोरी, आमच्या वेळी नुसती मशेरी लावली की दात लख्ख!’’ आत्याच्या तोंडात स्वतःचे किती दात उरले आहेत, हे मात्र कुणी विचारले नाही. शेवटी मुलीने दात पांढरे करणाऱ्या पट्ट्या आणि निळा दिवा असलेला संच घरपोच मागवला. तीन आठवड्यांत सगळे करून झाले. पट्टे तसेच राहिले, मात्र गार पाण्याचा घोट घेतला की डोक्यापर्यंत कळ जाऊ लागली आणि हिरड्यांच्या कडा पांढुरक्या होऊन चुरचुरू लागल्या.

असे का झाले, हे समजण्यासाठी आधी दात म्हणजे काय ते पाहायला हवे.

दाताचा रंग येतो कुठून?

दाताच्या वरचे कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. चावण्याच्या टोकांवर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर भरते आणि हिरडीपाशी तर ते कागदासारखे पातळ होत जाते. एनॅमल काहीसे पारदर्शक असते. त्याच्याखाली असते डेन्टिन, आणि डेन्टिनचा मूळ रंगच पिवळसर. म्हणजे निरोगी दात दुधासारखा पांढराशुभ्र नसतोच. त्यात किंचित पिवळी झाक असणे हे नैसर्गिक आहे. वय वाढते तसे एनॅमल झिजते, डेन्टिन अधिक दिसू लागते आणि दात पिवळे वाटू लागतात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. कातडी सोलवटली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते. पण झिजून गेलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. लाळेतल्या खनिजांमुळे त्याची बारीकसारीक डागडुजी होते, एवढेच. तेव्हा दात पांढरे करण्याच्या नादात जे कवच जाते, ते कायमचे जाते. आणि कवच पातळ झाल्यावर खालचा पिवळेपणा अधिकच उठून दिसतो. पांढऱ्यासाठी घासावे आणि हाती पिवळे यावे, असा हा उलटा हिशेब आहे.

लिंबू, सोडा आणि कोळसा

कैरी किंवा चिंच जास्त खाल्ली की आपण म्हणतो, ‘दात आंबले’. हा शब्द आपल्या आजीपणजीने उगाच केलेला नाही. आम्लामुळे एनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर ७ म्हणजे साधे पाणी. हा आकडा सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमल विरघळायला लागते. लिंबाच्या रसाचा आकडा आहे २ ते ३ च्या दरम्यान. असा रस दातांवर चोळून ठेवणे आणि लगेच ब्रशने घासणे म्हणजे ओल्या भिंतीवरचा गिलावा खरवडण्यासारखे आहे. सुरुवातीला दात चकचकीत दिसतात, कारण वरचा थर निघालेला असतो. संत्री, स्ट्रॉबेरी, व्हिनेगर या सर्वांची गोष्ट हीच.

खायचा सोडा त्या मानाने सौम्य आहे. तो फारसा खरखरीत नाही आणि आम्लही नाही. चहाकॉफीचे वरवरचे डाग तो काढू शकतो. पण दाताचा मूळ रंग तो बदलत नाही, आणि लिंबासोबत त्याची जोडी जमवली की लिंबाने मऊ केलेल्या दातावर घासणे होते, ते वाईटच.

कोळशाच्या पावडरीची सध्या चलती आहे. वास्तविक आपल्याकडे राखुंडी आणि कोळसा पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. आता तो सुंदर डबीत भरून परत आला आहे. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या दंतमंजनांविषयी तोपर्यंत झालेल्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळशाने दात पांढरे होतात किंवा तो वापरणे सुरक्षित आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यात आढळला नाही. कोळशाचे कण दाताला घासतात, हिरडीच्या फटीत आणि जुन्या फिलिंगच्या कडेला जाऊन बसतात, आणि तिथे काळी रेघ उमटते. शिवाय अशा बऱ्याच पावडरींमध्ये दात किडण्यापासून वाचवणारे फ्लोराइडही नसते.

मशेरीचा धडा

आत्याच्या मशेरीविषयी तर वेगळेच सांगायला हवे. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड महाराष्ट्रात आणि सीमाभागात असंख्य स्त्रियांनी ‘दात घासायचे औषध’ म्हणून सुरू केली. दिवसातून एकदा लागणारी मशेरी पुढे तीनचार वेळा लागू लागते. तेव्हा ती दातांसाठी नसते, तर तंबाखूच्या तलफेसाठी असते. तंबाखूने हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणी पोटातल्या बाळालाही त्याचा उपद्रव होतो.

दातांच्या नावाखाली तंबाखू विकली जाते, हे लक्षात आल्यावर १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूयुक्त दंतमंजने आणि टूथपेस्ट यांचे उत्पादन व विक्री बंद केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बंदी उचलून धरली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीला कायदा कसा अडवणार? ते काम घरातल्या लेकीसुनांनाच, प्रेमाने आणि चिकाटीने करावे लागते. दात ‘लख्ख’ करणारी प्रत्येक वस्तू दातांची मैत्रीण नसते, हा मशेरीचा धडा आजच्या रंगीबेरंगी डब्यांनाही लागू पडतो.

पट्ट्या, जेल आणि निळा दिवा

दात खरोखर फिकट करणारे रसायन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्यापासून बनलेले कार्बामाइड पेरॉक्साइड. ते एनॅमलमधून आत शिरते आणि रंगाचे कण फोडते. घरी, रात्री झोपताना साच्यात जेल भरून दात उजळण्याची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतल्या दोन दंततज्ज्ञांनी शास्त्रीय नियतकालिकात मांडली. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होते. त्यातून प्रत्यक्षात सुमारे साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. दंतवैद्याने दात तपासून, मापाचा साचा बनवून, ठरावीक दिवस वापरायला दिले तर ही पद्धत बरीच सुरक्षित ठरली आहे.

अडचण आहे ती न तपासता, न मोजता वापरण्यात. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या आतल्या मज्जेपर्यंत पोचते. त्यामुळे दात शिवशिवणे हा याचा नेहमीचा दुष्परिणाम. बहुतेकांचा तो थोड्या दिवसांत थांबतो. पण दाताला कीड असेल, चीर असेल किंवा फिलिंग गळके असेल, तर औषध तिथून थेट आत घुसते आणि कळ असह्य होते. सगळ्यांसाठी एकाच मापाची पट्टी किंवा साचा असला, की जेल हिरडीवर ओघळते आणि हिरडी भाजते. लवकर परिणाम हवा म्हणून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ ठेवले, तर त्रास तेवढा वाढतो. आणि निळ्या दिव्याचे म्हणाल, तर त्याने टिकाऊ फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. काम करते ते रसायन, दिवा शोभेचा.

आणखी एक गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. कृत्रिम दात, कॅप आणि फिलिंग यांचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. पुढच्या दातांत एखादे जुने फिलिंग असेल, तर बाकीचे दात उजळतात आणि ते तेवढे पिवळे उठून दिसते. शिवाय उजळलेला रंग कायम टिकत नाही. काही महिन्यांत वा वर्षा-दोन वर्षांत तो उतरतो. बंगळुरूसारख्या फिल्टर कॉफीच्या गावी तर लवकरच!

युरोपीय संघात २०१२ पासून नियम आहे, की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकायची, पहिला वापर त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा आणि १८ वर्षांखालील मुलांवर ती वापरायची नाहीत. ब्रिटनमध्ये २०१३ साली उच्च न्यायालयाने दात पांढरे करणे हा दंतवैद्यकाचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे ब्यूटी पार्लरमध्ये ते करता येत नाही. आपल्याकडेही कायद्यानुसार दातांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्यालाच आहे. भुवया कोरून घेताना ‘ऑफर’ म्हणून दातही उजळून घेण्याआधी हे आठवावे.

हा मळ नव्हे, ही पाण्याची खूण

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. कळ सहन होईना, तेव्हा आईने तिला दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी दात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘लहानपणी कुठे राहत होतात? पाणी कुठले होते?’’

आई गोंधळली. दात दुखताहेत आता, आणि पाणी वीस वर्षांपूर्वीचे?

पण सगळी गोम त्या प्रश्नातच होती. बंगळुरूच्या भोवतीचे कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकुरू हे जिल्हे ग्रॅनाइटच्या खडकांवर वसलेले आहेत. पाऊस कमी, तळी आटलेली, त्यामुळे बोअरवेल खोल खोल गेल्या. अशा खडकांतून मुरणाऱ्या पाण्यात फ्लोराइड उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एक लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेल तर कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅम. या जिल्ह्यांतल्या कितीतरी बोअरवेलमध्ये हे प्रमाण त्याहून अधिक आढळले आहे. मूल लहान असताना, हिरडीच्या आत पक्क्या दातांचे एनॅमल घडत असते. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले, तर एनॅमल नीट घडत नाही. मग दात उगवतात तेच पांढरे ठिपके, पिवळे वा तपकिरी पट्टे घेऊन. याला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात.

हे कोडे जगाला उलगडायला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ मध्ये आलेल्या फ्रेडरिक मके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कारण सापडले ते तीस वर्षांनी, १९३१ मध्ये : पाण्यातले फ्लोराइड. आपल्या देशात १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोरोसिसची पहिली नोंद झाली. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या अनेक गावांना हा त्रास आहे. पाण्यातले प्रमाण फारच जास्त असले आणि ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर हाडे आणि सांधेही आखडतात.

म्हणजे त्या मुलीचे पट्टे हा मळ नव्हताच. ते दाताच्या घडणीतच होते. तिने आयुष्यभर घासले असते, तरी ते गेले नसते. गेले असते ते फक्त एनॅमल. शाळेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर तिला वीस वर्षांनी मिळाले. ती रोज दात घासत होती. दोष तिच्या सवयीत नव्हता, पाण्यात होता. दंतवैद्यांच्या खुर्चीतच तिला रडू कोसळले, ते दुखण्याने नव्हे.

फ्लोरोसिसवर उपाय आहेत, पण ते दंतवैद्याने करायचे. डाग वरवरचे असतील तर अत्यंत पातळ थर काळजीपूर्वक काढून ते फिके करता येतात. खोल असतील तर दाताच्या रंगाचे लेपन करता येते. पेरॉक्साइडने मात्र फ्लोरोसिसचे पांढरे ठिपके सुरुवातीला अधिकच उठून दिसू शकतात. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर सरकारी दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा. बंगळुरूत कोट भागात सरकारी दंत महाविद्यालय व संशोधन संस्था आहे. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही सरकारी दंत महाविद्यालये आहेत.

मग करावे तरी काय?

दात उजळ दिसावेत ही इच्छा काही गैर नाही. फक्त क्रम पाळावा.

* आधी तपासणी, मग उपाय. पुष्कळदा पिवळेपणा म्हणजे साठलेले कीटण असते. दंतवैद्याकडून एकदा दात साफ करून घेतले, की निम्मे काम होते.

* एकच दात काळपट झाला असेल, तर त्याची नस मेलेली असू शकते. पट्टी लावून हा रंग झाकू नये. त्यावर उपचार हवा.

* तोंडात पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दातांचा रंग विसरावा आणि आधी डॉक्टरांना गाठावे.

* आंबट खाल्ल्यावर वा सरबत प्याल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून निदान अर्धा तास थांबावे.

* ब्रश मऊ असावा, हात हलका असावा. रात्री झोपण्यापूर्वीचे दात घासणे चुकवू नये.

* गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच अठरा वर्षांखालील मुलांनी पेरॉक्साइडच्या वाटेला जाऊ नये.

* औषधाच्या दुकानातले जखम धुण्याचे पेरॉक्साइड दातांना लावू नये.

* लग्न ठरले असेल, तर दंतवैद्याकडे दोनतीन महिने आधी जावे. शेवटच्या आठवड्यात केलेली घाई ऐन मांडवात कळ आणते.

धाकटीचे दात

या हकिगतीत एक पात्र अजून उरले आहे. त्या मुलीच्या भावाची दोन वर्षांची लेक. दंतवैद्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता, ‘‘आता घरी पाणी कुठले येते?’’ वसाहतीत बोअरवेल आणि टँकर. बंगळुरूला सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी येते, पण २००७ मध्ये शहरात सामील झालेली ११० गावे कित्येक वर्षे त्याच्या वाटेकडे डोळे लावून होती. त्यांच्यासाठीची कावेरीच्या पाचव्या टप्प्याची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तरीही सगळ्याच घरांचे बोअर आणि टँकर सुटलेले नाहीत.

दोन वर्षांच्या मुलीच्या हिरडीत पक्क्या दातांचे एनॅमल या घडीला घडते आहे. मोठीच्या दातांवर आता फक्त डागडुजी होईल; धाकटीचे दात मात्र मुळातूनच वाचवता येतील. त्यासाठी पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साधी गाळणी किंवा तुरटी फिरवलेली घागर पुरत नाही. आरओ यंत्राने ते कमी होते, पण यंत्राची देखभाल हवी आणि गाळलेले पाणीही अधूनमधून तपासायला हवे. गावासाठी एकत्रित उपाय म्हणून नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पावसाच्या पाण्यात तर फ्लोराइड जवळजवळ नसतेच. बंगळुरूत २००९ मध्ये कायद्यात बदल करून पाऊसपाणी साठवणे सक्तीचे झाले, ते दातांच्याही पथ्यावर पडावे. दूध आणि नाचणी यांतल्या कॅल्शियमनेही फ्लोराइड अंगात कमी भिनते. तीन वर्षांखालील मुलांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच टूथपेस्ट द्यावी, आणि ती थुंकायला शिकवावे.

त्या घरात लग्नाआधीच्या धावपळीतही एक काम सर्वांत आधी झाले. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत गेली. नवरीने कोळशाची डबी आणि पट्ट्यांचे खोके कचऱ्यात टाकले. दातांवर पुढे करायचे ते काम लग्नानंतर, सावकाश. मांडवात तिचे दात पूर्वीसारखेच होते. मात्र फोटो काढताना हात तोंडावर गेला नाही.